मालिशवाल्या मुलीचा परवाना

तारकर्लीच्या रस्त्यावर स्पाची पाटी लागली की दोनच सूर निघतात: ‘बंद करा’, नाहीतर ‘आपल्याला काय’. दोन्ही सोयीचे.

महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यात २०पेक्षा कमी कामगार असले की नोंदणी नाही, नुसती ऑनलाइन सूचना पुरते. मुलगी हे काम कुठे शिकली, पगार मिळतो का, विचारायला सहसा कुणी येत नाही. येते ती थेट धाड. बातमीत ‘पीडितांची सुटका’. सुटका झालेली सुधारगृहात, तिचा थकलेला पगार मालकाच्या खिशात.

दिल्लीने २०२१मध्ये नियम केले: पुरुषाला पुरुषानेच, बाईला बाईनेच मालिश करावी, खोलीला आतून कडी नको. त्याच डिसेंबरात तिथल्या उच्च न्यायालयाने त्या स्त्री-पुरुष बंदीला स्थगिती दिली. देहविक्री रोखण्याशी तिचा संबंध प्रथमदर्शनी दिसेना.

आपल्याकडे बाळंतिणीला तेल लावणाऱ्या बाईकडे चारित्र्याचा दाखला कुणी मागितला? (पैसेही धड दिले नाहीत, ते सोडा.)

मालवण नगरपरिषदेला, देवबाग-तारकर्लीकडच्या ग्रामपंचायतींना नियम करायचेच असतील तर आधी प्रशिक्षण, लेखी पगार आणि नकोसं गिऱ्हाईक परत पाठवायचा तिचा हक्क लिहा. कडीचं नंतर बघू.