आधी फॉस्फरस उतरवणारी गोळी द्या

माझ्या थोरल्या भावाच्या पोटाचा आडव्या बाजूने एक्स-रे काढला, तेव्हा मणक्यांपुढची महाधमनी पांढरी उमटली होती. एरवी साध्या एक्स-रेत रक्तवाहिनी अशी दिसत नाही. त्याची दिसली, कारण तिच्या भिंतीत कॅल्शियम साचलंय. डायलिसिसवरची कितीतरी माणसं हृदयविकाराने जातात, त्यामागे हे साचणंही असतं.

भाच्याने मोबाइलवर वाचलं आणि माझ्या मागे लागला, "आत्या, पप्पांची फेट्युइनची तपासणी करूया." त्याची धडपड मला कळते. फेट्युइन-ए हे यकृतात तयार होणारं प्रथिन कॅल्शियम-फॉस्फेटचे कण रक्तातच धरून ठेवतं. ते कमी असलेले डायलिसिसचे रुग्ण जास्त दगावतात, हे जर्मन संशोधकांनी 2003 साली 'लॅन्सेट'मध्ये मांडलं. दुसरं प्रथिन मॅट्रिक्स ग्ला. ते नसलेले उंदीर 1997 साली प्रयोगशाळेत तयार केले, तर रक्तवाहिन्या कडक होऊन फुटल्या आणि दोन महिन्यांच्या आत ते मेले. या प्रथिनाला व्हिटॅमिन के लागतं. पण रुग्णांना के देऊन रक्तातला आकडा सुधारला, तरी साचणं थांबतं असं अजून ठामपणे सिद्ध झालेलं नाही. हे संशोधन जोरात व्हायला हवं. मात्र ज्या आकड्यावरून आज औषध ठरत नाही, त्याचा भुर्दंड रुग्णाला नको.

आमचं दुखणं साधं आहे. डायलिसिसला जायचं तर मनोरीहून मार्वेची बोट, तिथून मालाड. बोट बंद असली की गोराई-उत्तन-भाईंदरचा वळसा. परतीची बोट गाठायला चार तासांचं डायलिसिस लवकर सोडवून घेणारे मी पाहिलेत. आठवड्यातून तीनदा पूर्ण वेळ मशीनवर बसूनही अन्नातला सगळा फॉस्फरस निघत नाही, मग अर्धवट बसून काय निघणार? त्यात पावसाळ्यात मासेमारी बंद, ताटात सुकी करंदी, बोंबील. कवच-काट्यासकट खाल्लं की फॉस्फरस चढतोच. फॉस्फरस अडवायला जेवणासोबत घ्यायची सेव्हेलामरची गोळी महाग, म्हणून लोक स्वस्तातली कॅल्शियमची गोळी घेतात. ज्याच्या धमनीत कॅल्शियम साचतंय, त्याच्याच पोटात आणखी कॅल्शियम!

केंद्राने 2016 साली राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर केला, राज्याची फुले योजना आहे. मशीनचा खर्च भागला म्हणजे उपचार झाले असं नाही. फॉस्फरसची नियमित तपासणी आणि कॅल्शियम नसलेली गोळी प्रत्येक मोफत डायलिसिससोबत मिळालीच पाहिजे.

तुमच्या घरी कुणी मशीनवर असेल, तर रिपोर्टमधला फॉस्फरसचा आकडा आजच बघा. साडेचारच्या वर असेल, तर पुढच्या पाळीला डॉक्टरांना विचारल्याशिवाय उठू नका.