बंद पडला म्हणजे मेला नव्हे!

मराठीत 'बंद पडणे' आणि 'मरणे' ही दोन निरनिराळी क्रियापदे आहेत, आणि आपल्या पूर्वजांनी ती काही उगाच वेगळी ठेवलेली नाहीत. घड्याळ बंद पडते, पंखा बंद पडतो, कळवा आणि मुंब्रा यांच्या मधोमध, ऐन पावसात, लोकलही बंद पडते. पण त्या लोकलला अजून कोणी स्मशानात नेलेले नाही. लॅपटॉप हे मात्र असे एकच यंत्र आहे, की ते सुरू झाले नाही म्हणजे काचेच्या दाराआड बसलेला एक टाय लावलेला तरुण त्याच्याकडे दीड मिनिट बघतो आणि म्हणतो, "सर, डेड आहे."

माझे भांडण या 'डेड' शब्दाशी आहे. डॉक्टरसुद्धा हा शब्द उच्चारण्यापूर्वी नाडी बघतो, छातीला नळी लावतो, डोळ्यांत बॅटरी मारतो. इथे नाडी नाही, नळी नाही, एकदम दाखलाच!

आमच्या घरातला पाच वर्षांचा लॅपटॉप गेल्या वर्षी एका शनिवारी सुरू होईना. त्यात मुलीचा कॉलेजचा प्रोजेक्ट होता, सोसायटीचे हिशेब होते आणि सासूबाईंच्या पंच्याहत्तरीचे फोटो होते. सासूबाई आता नाहीत. त्यामुळे हिने प्रोजेक्टची चौकशी केली नाही, हिशेबांची तर नाहीच नाही, फक्त "फोटो निघतील ना हो?" एवढेच विचारले. डोंबिवलीहून गाडी पकडून, लॅपटॉप तान्ह्या मुलासारखा छातीशी धरून मी ठाण्याच्या एका सर्व्हिस सेंटरात गेलो.

"कुठून आलात सर?"

"डोंबिवलीहून."

"मग बरोबर. तिकडची हवा. मदरबोर्ड गेला."

आमच्या एमआयडीसीतल्या रसायनांनी फेब्रुवारी २०२० मध्ये एक अख्खा रस्ता गुलाबी करून दाखवला होता, हे खरे. पण पत्ता ऐकून रोग ओळखणारा धन्वंतरी मी प्रथमच पाहत होतो. "उघडून बघितलंत का?" असे मी विचारले. उघडण्याचे वेगळे पैसे पडतील आणि उपयोग काही नाही, असे उत्तर आले. बोर्ड सव्वीस हजार. त्यापेक्षा नवा लॅपटॉप घ्या, हप्त्यांवर मिळेल. आणि फोटो? "डेटाची गॅरंटी नाही सर."

आता यातली मेख पाहा. बहुतेक लॅपटॉपांत आपले फोटो मदरबोर्डवर राहतच नाहीत. ते वेगळ्या डिस्कवर असतात. ती दोन-चार स्क्रू काढले की बाहेर येते आणि दुसऱ्या यंत्राला जोडून वाचता येते. कुलूपबंद केलेली असेल तर तिची किल्ली तेवढी लागते. काही पातळ लॅपटॉपांत ती बोर्डालाच डाखलेली असते, तिथे प्रश्न अवघड खरा. पण आपल्या यंत्रात यातले काय आहे, हे गिऱ्हाइकाला कोण सांगणार? घाबरलेले गिऱ्हाईक नवा माल लवकर घेते, ही दुकानदारीतली जुनी गोष्ट आहे.

वास्तविक सुरू न होणाऱ्या लॅपटॉपच्या तपासणीला एक क्रम आहे. तो भिंतीपासून सुरू होतो आणि मदरबोर्ड त्यात सर्वांत शेवटी येतो. आधी भिंतीतला प्लग: तिथे मोबाइलचा चार्जर लावून बघा. मग अडॅप्टर. एसी आणि डीसी म्हणजे काय, हे ठाणे-कल्याणच्या माणसाला समजावून सांगायला नको. मध्य रेल्वेने १५०० व्होल्ट डीसी सोडून २५,००० व्होल्ट एसी घेतले, ते काम हार्बरसकट पुरे व्हायला २०१६ साल उजाडले, आणि तोवर उशिराचे प्रत्येक कारण आपण याच दोन शब्दांत ऐकले. अडॅप्टर भिंतीतले २३० व्होल्ट एसी घेतो आणि साधारण १९-२० व्होल्ट डीसी करून देतो. तो देतो की नाही, हे मल्टिमीटर एका मिनिटात सांगतो.

पुढची पायरी फुकटातली. अडॅप्टर, माऊस, पेन ड्राइव्ह सगळे काढायचे, बॅटरी निघणारी असेल तर तीही काढायची, आणि सुरू करायचे बटन चांगले तीस सेकंद दाबून धरायचे. सर्किटात अडकलेला उरलासुरला चार्ज निघून जातो आणि कितीतरी लॅपटॉप एवढ्यावर डोळे उघडतात. मग कान लावायचा. पंखा फिरतोय, दिवा लागतोय, पण पडदा काळा? म्हणजे यंत्र जिवंत आहे, फक्त तोंड दाखवत नाही. त्याला टीव्हीची केबल जोडून बघायची. दिवा ठरावीक वेळा लुकलुकतो का, बीप वाजतात का, तेही मोजायचे. कारण बऱ्याच कंपन्यांनी त्या संख्येत दुखण्याचे नाव लपवलेले असते. त्यानंतर रॅम काढून पुन्हा नीट बसवायची. इतके सगळे झाले, की मग मदरबोर्डाचे नाव घ्यावे.

हा क्रम मला कळला तो डोंबिवली स्टेशनजवळच्या एका गाळ्यात. गाळा एवढा अरुंद, की कारागीर आत असला की गिऱ्हाइकाने बाहेर राहावे. त्या पोराने माझ्यासमोर लॅपटॉप उघडला, मल्टिमीटरच्या दोन सुया इकडेतिकडे टेकवल्या आणि म्हणाला, "काका, बोर्डापर्यंत करंटच पोचत नाहीये. चार्जिंगचा जॅक निखळलाय. बॅटरी रिकामी, वरून करंट नाही; चालू कसा होणार?" नवा जॅक बसवून झाला आणि पडदा उजळला. नऊशे रुपये. 'सर' म्हणणाऱ्याने सव्वीस हजार मागितले आणि 'काका' म्हणणाऱ्याने नऊशे! काका व्हायला माझी कधीच हरकत नसते.

आता कोणी म्हणेल, मदरबोर्ड खरोखर कधी जातच नाही का? जातो की! चहाचा कप उपडा झाला किंवा विजेचा झटका बसला, तर जातो. पण मग कुठला भाग गेला ते सांगा. बोर्डावर शेकडो सुटे भाग असतात. 'बोर्ड गेला' म्हणणे म्हणजे पेशंटला 'शरीर बिघडलंय' म्हणून सांगण्यापैकी आहे.

दोष एकट्या टायवाल्याचाही नाही. यंत्र दुरुस्त होऊच नये अशा बेताने ते बनवण्याची कला मोठ्या कंपन्यांनी साधली आहे. बॅटरी गोंदाने चिकटवायची, रॅम डाखून टाकायची. एका बड्या कंपनीने तर २००९ मध्ये पाच पाकळ्यांचा स्क्रू आणला, म्हणजे घरचा स्क्रूड्रायव्हर त्यात शिरायलाच नको. फ्रान्सने यावर १ जानेवारी २०२१ पासून तोड काढली. तिथे लॅपटॉपला दुरुस्ती किती सोपी यावर दहापैकी गुण देतात, आणि ते विकतानाच दाखवावे लागतात. आपल्याकडे २४ डिसेंबर २०२२ ला, ग्राहक दिनी, केंद्र सरकारने 'राइट टू रिपेअर'चे पोर्टल काढले. उत्तम झाले! पण पोर्टल दिल्लीचे आणि काउंटर ठाण्याचे. काउंटरवर हक्क आपल्यालाच मागावा लागतो.

आणि आपण तो मागत नाही, हे माझे खरे दुखणे आहे. स्टोव्हची पिन, छत्रीची काडी, पितळेची कल्हई आणि शर्टाची कॉलर उलटी करून शिवणे, यावर उभा राहिलेला आपला मध्यमवर्ग. आपल्या घरात तुटलेली वस्तू टाकण्याआधी चार जणांना दाखवण्याची रीत होती. तीच माणसे आज 'डेड' म्हटल्याबरोबर मान खाली घालून हप्त्याच्या कागदावर सही करतात. जुने यंत्र माळ्यावर, त्यातल्या फोटोंसकट. तिकडे स्टेशनजवळच्या गाळ्यातल्या पोराचे गिऱ्हाईक तुटते, आणि एक दिवस गाळाही मिटतो. मग नऊशेचा पर्यायच उरत नाही.

म्हणून माझ्या मागण्या चार. यंत्र माझ्यासमोर उघडा. कुठला भाग गेला ते कागदावर लिहा. त्या एका भागाची किंमत सांगा. आणि काढलेला जुना भाग माझ्या हातात द्या. एवढे करून ते मेले आहे असे ठरले, तर मी तक्रार करणार नाही, त्याचे दिवसही घालीन. पण तोपर्यंत कृपा करून कोणी त्याला हार घालू नये.