पेनड्राईव्ह बाहेर काढताना

मागच्या महिन्यातली गोष्ट. रात्री साडेनऊच्या सुमारास शेजारची मुलगी आमच्या दारात येऊन उभी राहिली. हातात पेनड्राईव्ह आणि डोळ्यांत पाणी. एम. ए.च्या दुसऱ्या वर्षाचा तिचा प्रकल्प सोमवारी सादर करायचा होता. आई चार घरी पोळ्या लाटते, वडील कामासाठी रोज नाक्यावर उभे राहतात. घरात कॉम्प्युटर नाही. चार महिने तिने झेरॉक्सच्या दुकानात तासाचे पैसे मोजून टायपिंग केले होते. त्या संध्याकाळी काम संपवून ती पेनड्राईव्ह काढायला गेली, तर पडद्यावर सूचना आली की हे साधन सध्या वापरात आहे, उघडे प्रोग्राम बंद करा आणि पुन्हा प्रयत्न करा. मागे गिऱ्हाईक खोळंबलेले. दुकानातला पोऱ्या म्हणाला, "ताई, ओढून घ्या, काही होत नाही." तिने ओढला. मामाच्या लॅपटॉपला लावून पाहिला तर वेगळीच सूचना: आधी हा ड्राईव्ह फॉरमॅट करा. धाकटा भाऊ ते बटण दाबणारच होता, तिने त्याचा हात धरला म्हणून बरे.

"काका, सगळं गेलं का हो?" तिने विचारले. आम्ही म्हटले, बस आधी, पाणी पी.

आता हे होते कसे ते पाहू. सरकारी कचेरीत कारकून आपला अर्ज हाती घेतो, "झालं, या आता" म्हणतो, पण आवक रजिस्टरात नोंद तो फुरसतीने करतो. कॉम्प्युटरही कधी कधी तसेच वागतो. कॉपी पूर्ण झाली असे तो दाखवतो, पण शेवटचा मजकूर अजून त्याच्याच मेमरीत असतो, पेनड्राईव्हवर उतरायचा राहिलेला असतो. इजेक्ट म्हणजे त्याला एवढेच सांगणे की हातातले लिहून संपव आणि सोड. शिवाय कोणती फाईल कुठे आहे याची यादी पेनड्राईव्हच्या सुरुवातीला असते, शाळेतल्या हजेरीपटासारखी. ती लिहिली जात असतानाच झटका बसला तर मुले वर्गात बसलेली असूनही हजेरीपट कोरा, अशी गत होते. फॉरमॅट करा ही सूचना येते ती बहुधा अशा वेळी.

काही जाणकार सांगतील की आता इजेक्ट करायची गरजच उरलेली नाही. त्यात थोडे तथ्य आहे. २०१८ साली आलेल्या विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीपासून पेनड्राईव्हसाठी 'क्विक रिमूव्हल' ही पद्धत आपोआप लागू असते, म्हणजे कॉम्प्युटर नोंद मागे ठेवत नाही. पण फाईल उघडी असेल किंवा कॉपी चालू असेल तर ही पद्धतही वाचवत नाही. आणि दुकानातल्या कॉम्प्युटरवर कोणती जुनी विंडोज आहे, कोणी काय बदलून ठेवले आहे, हे आपल्याला कुठे ठाऊक असते?

मग पेनड्राईव्ह सोडायला नकार मिळाला तर काय करावे? पहिल्यांदा पडद्याच्या तळाची पट्टी नीट पाहावी. आमच्या या मुलीची वर्डची फाईल मिटलेलीच नव्हती. दुकानदाराने वरती दुसऱ्याचा ऑनलाइन फॉर्म उघडला होता आणि तिची फाईल त्याखाली झाकली गेली होती. दुसरे असे की, नुसती फाईल मिटून भागत नाही, तो प्रोग्रामच बंद करावा. पेनड्राईव्हमधली फाईल एकदा उघडली की काही प्रोग्राम त्या फोल्डरवर पाय रोवून बसतात, फाईल मिटली तरी उठत नाहीत. ब्राऊझरमधून दाखला अपलोड केला असेल तर ब्राऊझरही पूर्ण बंद करावा. पेनड्राईव्हच्या फोल्डरची खिडकी मिटावी. अँटिव्हायरस तपासणी करीत असेल तर दोन-तीन मिनिटे थांबावे. मग घड्याळाजवळच्या छोट्या बाणावर क्लिक करून इजेक्टचे चिन्ह पुन्हा वापरावे, नाहीतर 'धिस पीसी'मध्ये त्या ड्राईव्हवर उजवे बटण दाबून इजेक्ट म्हणावे.

इतके करूनही ऐकत नसेल, तर कॉम्प्युटर शट डाऊन करून, पूर्ण बंद झाल्यावर पेनड्राईव्ह काढावा. दुकानदार कुरकुर करेल, करू द्या. तासाचे पैसे आपण मोजलेले असतात.

कॉम्प्युटरचा कोर्स करणाऱ्या मुलांसाठी एक खूण सांगून ठेवतो. 'इव्हेंट व्ह्यूअर'मध्ये विंडोज लॉग्ज, त्यात सिस्टीम उघडले की 'कर्नेल-पीएनपी'ची २२५ क्रमांकाची नोंद सापडते. कोणत्या प्रोग्रामने पेनड्राईव्ह अडवला त्याचे नाव तिथे लिहिलेले असते. अंदाजाने दहा गोष्टी बंद करण्यापेक्षा हे बरे.

फॉरमॅटची सूचना आली तर 'कॅन्सल' दाबावे. पेनड्राईव्ह दुसऱ्या खाचेत, मग दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून पाहावा, कधी कधी दोष खाचेचाच असतो. प्रॉपर्टीज, टूल्स आणि चेक या मार्गाने विंडोज ड्राईव्हची दुरुस्ती करू पाहते. पण आत मोलाचे काही असेल तर ही दुरुस्ती आधी करू नये, कारण तीही ड्राईव्हवर लिहिते. अगोदर फाईली बाहेर काढाव्यात. 'फोटोरेक' नावाचा फुकट मिळणारा प्रोग्राम हे काम करतो, फोटोच नव्हे तर वर्डच्या फाईलीही शोधतो. मात्र सापडलेल्या फाईली त्याच पेनड्राईव्हवर साठवू नयेत, कॉम्प्युटरवर साठवाव्यात.

आम्ही त्या रात्री तेच केले. फोटोरेक हजेरीपट न पाहता थेट वर्गातली मुले मोजतो, त्यामुळे फाईली मिळतात पण त्यांची नावे जातात. तीनशेच्या वर फाईली निघाल्या, नावाच्या जागी नुसते आकडे. दीड वाजेपर्यंत ती एकेक उघडून पाहत होती. मध्येच तिच्या आजीचा नऊवारीतला फोटो निघाला, तो घरात दुसरीकडे कुठेच नव्हता. प्रकल्पाची पहिली चार प्रकरणे मिळाली. पाचवे, त्याच संध्याकाळी दुकानात पुरे केलेले, मिळाले नाही. त्याची हाताने लिहिलेली वही मात्र तिच्या आईने जपून ठेवली होती, रद्दीत दिली नव्हती. शनिवार-रविवार दोन दिवस ती आमच्याकडे बसून टाईप करीत होती, आई शेजारी बसून ओळी वाचून दाखवत होती. आई सातवीपर्यंत शिकलेली आहे, काही शब्दांना अडखळत होती, पण तिने वही खाली ठेवली नाही.

सोमवारी प्रकल्प वेळेत गेला. आता तिची प्रत्येक फाईल पेनड्राईव्हवर असते आणि तीच फाईल ती स्वतःच्या ई-मेलवरही पाठवून ठेवते.