वेद्या फोडून काय साधले?

२००९ साली मेक्सिकोच्या लष्कराने अमेरिकेच्या सीमेलगत, नुएवो लारेदो शहराच्या परिसरात, 'सांता मुएर्ते' या मृत्युदेवीची तीसहून अधिक देवस्थाने जमीनदोस्त केली. अमली पदार्थांचे व्यापारी तिला भजतात, हे त्याचे समर्थन. २०१३ साली व्हॅटिकनच्या एका कार्डिनलनेही या भक्तीचा धिक्कार केला. १९२६ ते १९२९ या काळात एकमेकांच्या जिवावर उठलेले राज्य आणि धर्मपीठ येथे मात्र एकाच बाजूला उभे राहिले!

गुंड तिला भजतात हे खरे. पण मेक्सिको शहरातील तेपितो वस्तीत तिच्यापुढे मेणबत्त्या लावणाऱ्या कष्टकऱ्यांचे काय? चर्चची मान्यता नसलेले हे संत जनतेला का लागतात, हा प्रश्न विचारण्याचे धैर्य बुलडोझरपाशी नसते.

तिहुआना येथे १९३८ साली एका बालिकेच्या हत्येबद्दल हुआन कास्तियो मोरालेस या सैनिकाला लष्करी न्यायालयाने घाईघाईने दोषी ठरवले आणि स्मशानात पळायला लावून गोळ्या घातल्या. तो निरपराध होता असे कोणी छातीठोकपणे म्हणू शकणार नाही. परंतु असल्या न्यायावर लोकांनी विश्वास ठेवला नाही. आज 'हुआन सोल्दादो'च्या समाधीशी सीमा ओलांडू पाहणारे मजूर नवस बोलतात. व्हिसा ज्यांना नाकारला जातो, त्यांनी दाद मागावी कोणाकडे? दक्षिण टेक्सासमध्ये डॉक्टर दुर्मीळ होते, तेव्हा मेक्सिकन वंशाचे गरीब दोन पेद्रितो हारामियो या वैदूकडे जात. १९०७ साली तो वारला. चिकानो समाजात त्याची पूजा आजही चालते.

ही निव्वळ अंधश्रद्धा आहे, असे म्हणून नाक मुरडणाऱ्या पुरोगाम्यांनी तेरेसा उर्रेआचे स्मरण करावे. या तरुण स्त्रीच्या नावाने मायो आदिवासी आणि तोमोचिकचे गावकरी बंड करून उठले. म्हणूनच १८९२ साली पोर्फिरियो दियासच्या हुकूमशाहीने तिला हद्दपार केले. तिच्यातील स्फोटक शक्ती हुकूमशहाने ओळखली होती.

तथापि, सांत्वन म्हणजे न्याय नव्हे. लष्कराने तोमोचिक बेचिराख केले, तेव्हा कोणताही चमत्कार आडवा आला नाही. नवसाने मजुराला परवाना मिळत नाही, की रोग्याला औषध. म्हणून समाजवाद्याचे काम वेदी फोडण्याचे नाही आणि तिच्यापुढे माथा टेकण्याचेही नाही. तेथे उच्चारला जाणारा प्रत्येक नवस ही राज्यसंस्थेविरुद्धची फिर्याद आहे. ती मोर्चाच्या मागणीपत्रात उतरवणे, हे त्याचे काम आहे.