झडती नावाची नको, खुर्चीची घ्या

किनाऱ्याच्या सुरक्षेचा विषय निघाला की आपल्याकडे पहिली नजर जाते ती माणसाच्या नावावर. वेंगुर्ल्यापासून विजयदुर्गापर्यंत पिढ्यान् पिढ्या राहिलेला, घरात मालवणी बोलणारा, होडीवर नाहीतर बाजारपेठेत घाम गाळणारा मुसलमान असो, तो या संशयातून सुटत नाही. त्याने सकाळ-संध्याकाळ आपल्या निष्ठेचा दाखला खिशात घेऊन फिरावे अशी अपेक्षा असते. आमचे म्हणणे साधे आहे. या देशाच्या किनाऱ्याला भगदाड पडले तेव्हा ते कोणाच्या नावातून पडले नाही. ते सरकारी टेबलाखालून पडले. ज्यांना हे मान्य नसेल त्यांनी न्यायालयांचे निकाल वाचावेत.

१९९३ सालापासूनच सुरुवात करू. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत झालेल्या बॉम्बस्फोटांत २५७ माणसे मेली, सातशेहून अधिक जखमी झाली. ही स्फोटके आणि हत्यारे रायगड जिल्ह्यात दिघी आणि शेखाडी येथे, म्हणजे आपल्याच कोकण किनाऱ्यावर, जानेवारी-फेब्रुवारी १९९३ मध्ये उतरवली गेली. ती कशी उतरली? किनाऱ्यावर कस्टम खाते होते, पोलीस ठाणी होती, गस्त होती. असा माल येणार असल्याची सूचनाही खात्यापर्यंत पोहोचलेली होती. दिघीचा माल घेऊन निघालेल्या गाड्या गोंडघर फाट्यावर पोलिसांनी अडवल्यासुद्धा. मग सौदा झाला, रोकड कमी पडली म्हणून चांदीच्या विटा तारण ठेवल्या गेल्या आणि गाड्या सोडून देण्यात आल्या. कस्टमचे अतिरिक्त कलेक्टर सोमनाथ थापा यांना टाडा न्यायालयाने २००६ मध्ये दोषी ठरवले आणि २००७ मध्ये जन्मठेप दिली. त्यांच्या खात्यातले आणखी अधिकारी आणि श्रीवर्धनचे पोलीसही दोषी ठरले. २१ मार्च २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या खटल्याचा अंतिम निकाल देताना पोलीस आणि कस्टम यांच्या वागण्यावर कडक ताशेरे ओढले.

दोषी ठरलेल्या त्या कस्टम अधिकाऱ्यांची आडनावे बघा: थापा, सिंग, सय्यद, गुरव, तळवडेकर. पैशाला जात नसते, धर्म नसतो, हे या यादीइतके स्पष्ट कोणत्याही सर्वधर्म परिषदेने सांगितलेले नाही. स्फोट घडवणाऱ्यांत, माल उतरवणाऱ्यांत आपल्या समाजाची माणसे होती. हे आम्ही झाकत नाही, झाकूही नये. त्यांना शिक्षा झाल्या, व्हायलाच हव्या होत्या. पण त्या घटनेनंतर साऱ्या महाराष्ट्राला मुसलमानांची नावे पाठ झाली. चांदीच्या विटा तारण घेणारी माणसे मात्र विस्मरणात गेली. गुन्ह्याचा एक हात लक्षात ठेवायचा आणि दुसरा विसरायचा, याला स्मरणशक्ती म्हणत नाहीत, सोय म्हणतात.

२६ नोव्हेंबर २००८ ला पुन्हा समुद्रमार्गेच हल्ला झाला. ‘कुबेर’ या मच्छीमार बोटीचे अपहरण करून आलेले दहा जण मुंबईत उतरले, तेव्हा त्यांना पहिल्यांदा हटकले ते किनाऱ्यावरच्या कोळी वस्तीतल्या साध्या माणसांनी. किनाऱ्याचा खरा डोळा म्हणजे तिथला मच्छीमार, मग तो गाबीत असो, कोळी असो, खारवी असो वा दालदी. त्यानंतर मच्छीमारांना ओळखपत्रे दिली गेली, बोटींना क्रमांक आणि रंग ठरवून दिले गेले, सागरी पोलीस ठाणी उभी राहिली. हे योग्यच झाले. पण नाखव्याची ओळख तपासण्यात जो उत्साह दिसला, तो बंदरावरच्या साहेबाची मालमत्ता तपासण्यात कुठे दिसला?

३ मे २०२३ रोजी महाराष्ट्र दहशतवादविरोधी पथकाने पुण्यात संरक्षण संशोधन संस्थेचे एक संचालक प्रदीप कुरुलकर यांना अटक केली. पाकिस्तानी हेराला गोपनीय माहिती पुरवल्याचा त्यांच्यावर आरोप आहे. आरोप म्हणजे गुन्हा नव्हे, निकाल न्यायालयाने द्यायचा असतो, आणि कुरुलकरांनाही हा न्याय मिळालाच पाहिजे. आमचा मुद्दा वेगळाच आहे. त्या अटकेनंतर त्यांच्या जातीला, गावाला, शेजाऱ्यांना कोणी निष्ठेचा दाखला मागितला नाही. त्यांच्या घरावर बुलडोझर गेला नाही. हे अगदी बरोबर झाले. कायद्याचे राज्य असेच असते. आमची मागणी एवढीच आहे की संचालकाला जो कायदा लागू पडतो तोच भंगारवाल्यालाही पडावा.

आता मालवणकडे येऊ. एकाच गावात सहा महिन्यांच्या अंतराने दोन घटना घडल्या आणि त्या शेजारी शेजारी ठेवून कोणी पाहिल्या नाहीत.

पहिली घटना राजकोट किल्ल्यावरची. ४ डिसेंबर २०२३ रोजी नौदल दिनाच्या निमित्ताने पंतप्रधानांच्या हस्ते छत्रपती शिवाजी महाराजांच्या पस्तीस फुटी पुतळ्याचे अनावरण झाले. २६ ऑगस्ट २०२४ रोजी तो कोसळला. मोजून २६६ दिवस. मुख्यमंत्र्यांनी वाऱ्याचा वेग सांगितला. सार्वजनिक बांधकाम खात्याने पुतळा पडण्याच्या जेमतेम आठवडाभर आधी नटबोल्ट गंजल्याचे पत्र नौदलाला पाठवले होते, हे नंतर बाहेर आले. चौकशी समितीने गंज, कमकुवत सांगाडा आणि सदोष वेल्डिंग ही कारणे दिली. पंतप्रधानांनी ३० ऑगस्टला पालघर येथे माफी मागितली. गुन्हा दाखल झाला तो शिल्पकारावर आणि सल्लागारावर. दोघांना अटक झाली, पुढे जामीनही मिळाला. पण काम कोणी मंजूर केले, तपासले कोणी, बिल कोणी काढले, समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात कोणत्या दर्जाचे पोलाद लागते हे विचारण्याची जबाबदारी कोणाची होती? त्या फिर्यादीत एकाही वरिष्ठ अधिकाऱ्याचे नाव नव्हते. मे २०२५ मध्ये त्याच जागी नवा, साठ फुटी पुतळा उभा राहिला. पुतळा नवा झाला, प्रश्न जुनाच राहिला.

समोर पाण्यात सिंधुदुर्ग उभा आहे. १६६४ साली पाया घातलेला. पायात शिसे ओतून चिरे बसवलेला हा किल्ला साडेतीनशे वर्षे लाटा खातो आहे. ज्या राजाच्या आरमारात दौलतखान सरदार होता, त्या राजाने माणसाचे नाव बघितले नाही, काम बघितले. आणि याच राजाने १६७३ साली चिपळूणच्या छावणीतल्या आपल्याच अंमलदारांना सक्त ताकीद दिली होती. रयतेच्या धान्याला, लाकूडफाट्याला, भाजीपाल्याला हात लावाल तर लोक म्हणतील यापेक्षा मोगल बरे, असा त्या पत्राचा आशय आहे. राज्याची सुरक्षा अंमलदाराच्या सचोटीवर उभी असते हे त्यांना कळत होते. ज्यांना त्यांचा पुतळा नीट उभा करता आला नाही, त्यांनी निदान हे पत्र तरी कचेरीत लावावे.

दुसरी घटना भंगाराच्या दुकानाची. २३ फेब्रुवारी २०२५ रोजी दुबईत भारत-पाकिस्तान क्रिकेट सामना झाला. त्या वेळी मालवणातल्या एका मुसलमान भंगार व्यावसायिकाच्या कुटुंबाने देशविरोधी घोषणा दिल्याची तक्रार झाली. नवरा-बायकोला अटक झाली, अल्पवयीन मुलाला ताब्यात घेण्यात आले. आणि दुसऱ्याच दिवशी, २४ फेब्रुवारीला, नगरपरिषदेने त्यांचे दुकान जमीनदोस्त केले. बांधकाम अनधिकृत असल्याचे कारण देण्यात आले. स्थानिक आमदारांनी तत्परतेबद्दल प्रशासनाचे जाहीर आभारही मानले. कुटुंबाला नंतर जामीन मिळाला.

घोषणा दिली की नाही ते न्यायालय ठरवील. दिली असेल तर कायद्यात शिक्षा आहे, आणि ती द्यायला आमची हरकत नाही. पण बांधकाम अनधिकृत असल्याचा शोध नेमका सामन्याच्या दुसऱ्या दिवशी लागतो, हा कोणता योगायोग? महाराष्ट्रात २००६ सालापासून दप्तर दिरंगाईचा कायदा लागू आहे. एका कर्मचाऱ्याकडे फाईल सात कामकाजी दिवसांपेक्षा जास्त अडकू नये असे त्यात लिहिले आहे. सामान्य माणसाला त्या सात दिवसांचा अनुभव महिन्यांनी येतो. इथे मात्र एका दिवसात तक्रार, अटक, निर्णय आणि जेसीबी!

बरे, कायदा माहीत नव्हता म्हणावे तर तेही नाही. १३ नोव्हेंबर २०२४ रोजी, म्हणजे जेमतेम साडेतीन महिने आधी, न्यायमूर्ती भूषण गवई आणि न्यायमूर्ती विश्वनाथन यांनी संपूर्ण देशासाठी नियम घालून दिले होते. आरोपी आहे म्हणून कोणाचे घर पाडता येणार नाही. पंधरा दिवसांची नोटीस, म्हणणे मांडण्याची संधी, कारणे देणारा आदेश आणि कारवाईचे चित्रीकरण सक्तीचे. नियम मोडला तर संबंधित अधिकाऱ्याने स्वतःच्या खिशातून भरपाई करायची. रस्ता, पदपथ, नदीकाठ अशा सार्वजनिक जागेवरील अतिक्रमण याला अपवाद आहे, हे खरे. पण तो अपवाद लागू पडतो की नाही हे कागदावर दाखवून द्यायचे असते, जेसीबीच्या दात्यांनी नव्हे. मालवणचे प्रकरण अवमान याचिकेच्या रूपाने दिल्लीला गेले आणि मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नोटीस काढली.

त्या दिवसांत मालवण नगरपरिषदेत लोकांनी निवडून दिलेले मंडळच नव्हते. मुदत संपून तीन वर्षे लोटली होती आणि कारभार प्रशासकाच्या हाती होता. निवडणूक झाली ती थेट डिसेंबर २०२५ मध्ये. म्हणजे जाब विचारायला नगरसेवकही नाही. अधिकारीच मालक, अधिकारीच मुनीम.

दोन्ही घटना आता एकत्र वाचा. महाराजांचा पुतळा पडला तेव्हा समिती, अहवाल, तज्ज्ञ, पत्रव्यवहार. पत्र्याचे दुकान पाडायचे होते तेव्हा यातले काहीच लागले नाही. वरच्या माणसाला प्रक्रिया मिळते, खालच्याला फक्त निकाल मिळतो. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यानुसार सरकारी नोकरावर खटला भरायला सरकारची मंजुरी लागते. २०१८ साली त्यात कलम १७अ घालून चौकशी सुरू करण्यापूर्वीच परवानगीची अट आली. प्रामाणिक अधिकाऱ्याला खोट्या तक्रारींपासून संरक्षण हवे, हे आम्हाला मान्य आहे. पण ज्याला स्वतःसाठी दोन-दोन परवानग्यांची ढाल लागते, त्याने गरिबाला पंधरा दिवसांची नोटीसही नाकारावी हा न्याय कुठला?

काही जण म्हणतात, सुरक्षेच्या बाबतीत अधिकाऱ्यांना प्रश्न विचारू नयेत, त्यांचे मनोबल खचते. १९९३ मध्ये मनोबल खचले नव्हते, सचोटी खचली होती. काही जण म्हणतात, वरून दबाव असतो. असेल. पण दबावाखाली दुकान पाडणारा अधिकारी उद्या पैशाखाली बंदर उघडेल. नियम मोडण्याची सवय एकदा हाताला लागली की तो हात समोर कोण आहे हे बघत नाही. म्हणूनच आम्ही म्हणतो, अधिकाऱ्याच्या नीतीचा प्रश्न हाच सुरक्षेचा प्रश्न आहे.

आता दोन शब्द आपल्याच समाजाला. ‘तो बाहेरचा होता, आपला कोकणी नव्हे’ असे कोणी मोहल्ल्यात म्हणत असेल तर त्याने ध्यानात घ्यावे, जेसीबी बोली ऐकत नाही. दुसरे असे की अन्यायाचे गाऱ्हाणे आपण फक्त मुसलमानावर बेतले की मांडतो. पुतळ्याच्या कामाचा हिशेब मागण्यात आपण पुढे का नव्हतो? तो पैसा आपलाही होता, महाराजही आपलेच. वाळूउपसा, परप्रांतीय ट्रॉलरची घुसखोरी, एलईडीची मासेमारी यांकडे होणारी डोळेझाक गाबीत बांधवाच्या ताटातला घास पळवते, तसा दालद्याच्याही. तिथे आपला आवाज ऐकू आला तरच दुकान पडल्यावर आपल्या आवाजाला वजन येईल. आणि आपल्यातला जो कोणी ‘साहेबांना सांभाळून’ कामे करून घेतो, त्याला जमातीत मान देणे बंद करा. लाच देणारा हातही त्याच गुन्ह्यात असतो. सरकारी खुर्ची ही अमानत आहे असे आपण म्हणतो, मग ती विकत घेणाऱ्याला पहिल्या रांगेत बसवतो कशाला?

करायचे काय? माहितीचा अधिकार २००५ पासून हातात आहे. प्रत्येक तालुक्यात चार शिकलेली पोरे, त्यात दोन मुली असल्या तर उत्तम, अर्ज लिहायला शिकली पाहिजेत. लोकायुक्ताची संस्था या महाराष्ट्राने १९७२ साली, देशात सर्वांच्या आधी उभी केली. तिथे तक्रार नेणारी आपली माणसे किती आहेत? पाडकामाची नोटीस निघाली तर ती वाचून मुदतीत उत्तर देणारा वकील प्रत्येक मोहल्ल्याला ठाऊक असावा, मग नोटीस कोणाच्याही दारावर चिकटलेली असो. दुकान हिंदूचे असले तरी त्याच्यासोबत कचेरीत जा. हे एकदा केलेत तर निष्ठेचे शंभर दाखले दिल्यासारखे होईल, आणि तेही कोणी न मागता.

आमच्या निष्ठेची झडती अनेकदा झाली, हाती काही लागले नाही. आता एकदा खुर्च्यांची होऊ द्या. १९९३ चा माल तिथूनच गेला होता.