पाणी शिरते कोठून?

(बी. ए. द्वितीय वर्ष)

शिडाच्या नावेची गळती हा विषय धाराशिव जिल्ह्यातील महाविद्यालयाच्या वार्षिकात कसा काय, असा प्रश्न वाचकांना पडेल. आपल्याकडे ना समुद्र, ना खाडी. नदीला पाणी आले तर ते पाहायला सारा गाव काठावर लोटतो, अशी आपली परिस्थिती. परंतु आपल्या तेरचे जुने नाव तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासवर्णनात, 'पेरिप्लस'मध्ये, तगराहून कापड गाड्यांत भरून भडोच बंदराला जात असे आणि तेथून जहाजाने परदेशी जात असे, अशी नोंद आहे. ज्या मातीतले कापड नावेत बसले, त्या मातीतल्या विद्यार्थ्याने नावेच्या तळाविषयी चार शब्द लिहिले तर ते अगदीच अनाठायी ठरू नयेत.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. नाव गळू लागली की पाणी उपसणारे पुष्कळ भेटतात. दिसेल तेथे लिंपणारेही भेटतात. पण पाणी शिरते कोठून हे शोधणारा विरळा, आणि खरे काम त्याचेच.

नावेत पाणी दिसते ते तळाच्या सर्वांत खोल जागी. म्हणून ते तेथूनच आले असे नव्हे. पुढच्या नाळेपाशी शिरलेले पाणी फळ्यांच्या कडेकडेने वाहत मध्ये येते. वरच्या कठड्याचा एखादा बोल्ट सैल झाला, तर पावसाचे पाणी आतल्या भिंतीवरून उतरते आणि आपण मात्र तळाला भोक शोधत बसतो. ज्यांनी माळवदाच्या घरात पावसाळे काढले आहेत, त्यांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. पाणी चुलीवर ठिबकते आणि उंदराने केलेले बीळ असते पार दुसऱ्या खणावर. मधल्या वाटेत ते किलचांवरून आणि तुळईवरून प्रवास करून आलेले असते. ठिबकते तेथे पातेले ठेवणे सोपे. पावसात वर चढून पांढरी माती उकरून बीळ शोधणे अवघड.

नावेची गळती शोधण्याचीही एक रीत आहे. प्रथम सगळे पाणी काढून तळ फडक्याने कोरडा करावा. मग तेथे खडूची भुकटी पसरावी, म्हणजे पाण्याची पहिली रेघ कोणत्या बाजूने येते ते दिसते. समुद्रात असाल तर पाणी जिभेला लावून पाहावे. खारे असेल तर ते बाहेरून आले. गोडे असेल तर ते पावसाचे, नाही तर आपल्याच पिण्याच्या टाकीचे. नाव नुसती उभी असताना गळते की शीड भरून एका अंगावर कलल्यावर गळते, हेही पाहावे. एकाच अंगावर कलल्यावर गळत असेल, तर पाण्यात बुडालेल्या त्या अंगाची झडती घ्यावी. नाव काठावर घेता येत असेल, तर उलटी युक्ती करावी. आत बेताने पाणी भरावे आणि बाहेरून कोठे घाम फुटतो ते बघावे. लाकूड ठोकून त्याचा आवाजही ऐकावा. कुजक्या फळीचा आवाज बद्द येतो. गोरोबाकाकांच्या थापटीने कच्चे मडके ओळखल्याची कथा आपल्या जिल्ह्यात कोणाला ठाऊक नाही? परीक्षा तीच, मडक्याऐवजी फळी.

लाकडी नावेची आणखी एक गंमत आहे. ती फार दिवस कोरडी राहिली की फळ्या आकसतात आणि सांधी उघड्या पडतात. पाण्यात ठेवली की लाकूड फुगून सांधी आपोआप मिटतात. आपल्याकडे उन्हाळ्यात बैलगाडीचे चाक आकसते, लोखंडी धाव ढिली होते आणि मग चाक ओढ्याच्या पाण्यात घालतात. तोच हा नियम. म्हणून कोरड्या सांधीत कापूस फार ठासून भरू नये, असे जाणकार सांगतात. पुढे फळ्या फुगल्या की त्यांना जागा उरत नाही आणि त्या आपल्याच खिळ्यांना उचकटू लागतात. घाईची दुरुस्ती अशी नवा बिघाड करून ठेवते.

दुरुस्तीचा दुसरा नियम मला अधिक महत्त्वाचा वाटतो. आतून लावलेले ठिगळ पाणीच बाहेरून ढकलून काढते. बाहेरून लावलेले ठिगळ तेच पाणी दाबून धरते. पाण्याचा हा दाब लहान समजू नये. पृष्ठभागाच्या एक फूट खाली एक इंच व्यासाचे भोक असले, तर मिनिटाला सुमारे ४५ लिटर, म्हणजे तीनएक घागरी पाणी आत येते. एक माणूस उपसून उपसून किती उपसणार? तेव्हा पक्की दुरुस्ती हवी असेल, तर आतल्या कोरड्या फळीवर बसून भागत नाही, बाहेर पाण्यात उतरावे लागते.

याचे उत्तम उदाहरण आपल्या मुंबईत बांधलेल्या एका नावेचे आहे. तिचे नाव 'सुहैली'. बत्तीस फुटांची ही सागवानी नाव मुंबईच्या सुतारांनी वाकस आणि सामता यांसारख्या जुन्या हत्यारांनी घडवली आणि ती १९६४ साली पाण्यात उतरली. तिचा मालक रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा व्यापारी जहाजावरील तरुण इंग्रज अधिकारी. १४ जून १९६८ रोजी तो इंग्लंडच्या फाल्मथ बंदरातून एकटाच पृथ्वीप्रदक्षिणेला निघाला. अटलांटिक महासागरात असताना नाव गळू लागली आणि वारंवार पंप मारावा लागू लागला. अखेर तो पाण्याखाली उतरला. तेव्हा तळाच्या कण्याजवळच्या फळ्यांची सांध उघडलेली त्याला दिसली. एका बाजूला नव्हे, दोन्ही बाजूंना. अंगाचा गोरेपणा शार्क माशांना दिसू नये म्हणून निळा शर्ट आणि पँट घालून तो पुन्हा पाण्यात गेला. सांधीत कापूस भरू लागला, तर तो राहीना. मग वर येऊन त्याने विचार केला. कापूस कॅनव्हासच्या लांब पट्टीवर शिवून टाकला, पट्टीला डांबर फासले, ती बाहेरून सांधीवर खिळ्यांनी ठोकली आणि वर तांब्याची पट्टी बसवली. मध्येच शार्क आला, तेव्हा वर येऊन बंदूक चालवावी लागली. ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ रोजी, तो फाल्मथला परतला. त्या शर्यतीत नऊ जण निघाले होते, पुरी केली ती त्याने एकट्याने. कोठेही न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा तो जगातला पहिला माणूस ठरला.

या विक्रमाचे वर्णन करताना लोक वादळांविषयी बोलतात. मला मात्र ती कापसाची पट्टी मोठी वाटते. पंप मारत राहिला असता, तर तो कदाचित आणखी काही आठवडे तरला असता, जगाला वळसा घालून आला नसता. उपसणे वाईट असे मी म्हणत नाही. उपसल्याने वेळ मिळतो. पण तो वेळ शोधण्यासाठी वापरला नाही, तर उपसणे हाच धंदा होऊन बसतो.

आता मूळ मुद्दा. 'गळती' हा शब्द आपण नावेपुरता ठेवलेला नाही. शाळा-महाविद्यालयांतून मुले मध्येच निघून जातात, तिलाही आपण गळतीच म्हणतो. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिला, म्हणून हा शब्द माझ्या कानाला जरा जास्त टोचतो. ही गळती मोजली जाते परीक्षेचे फॉर्म भरताना. अमुक इतक्यांनी फॉर्म भरले नाहीत, असा आकडा निघतो, दोनचार जणांना निरोप जातो, एखाद्याची फी कोणी तरी भरते. हे सारे चांगलेच आहे, पण ही तळातल्या पाण्याची मोजदाद झाली. पाणी शिरले ते त्याच्या कितीतरी आधी आणि दुसऱ्याच जागी. आईवडील दसऱ्यानंतर ऊसतोडीला गेले आणि धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी कोणी उरले नाही, तेथे एक सांध उघडली. गावाकडे जाणाऱ्या एस. टी.ची वेळ बदलली आणि एका मुलीचा शेवटचा तास बुडू लागला, तेथे दुसरी. मुलगी अंधार पडल्यावर घरी येते, एवढे कारण तिचे लग्न ठरवायला पुरते. फॉर्मच्या वेळी मात्र आपण लिहितो, 'अभ्यासात रस नाही.' चुलीवर पाणी ठिबकले म्हणून चुलीलाच दोष देण्यासारखे हे झाले.

यावर माझी एक साधी सूचना आहे. प्रत्येक वर्गात एक वही ठेवावी. एखादा विद्यार्थी सलग आठ दिवस आला नाही, तर तो प्रथम कोणत्या दिवशी आला नाही, ती तारीख तीत लिहावी. त्याच्या गावचा किंवा शेजारच्या गावचा विद्यार्थी त्याच आठवड्यात त्याच्या घरी जाऊन यावा. जमेल तेव्हा प्राध्यापकांनीही बरोबर यावे. कार्यालयात बसून पाठवलेले पत्र हे आतून लावलेले ठिगळ आहे. घरी जाणे म्हणजे पाण्यात उतरणे. त्याला पैसा लागत नाही, एस. टी.चे तिकीट आणि एक रविवार लागतो. सगळीच मुले परत येतील असे नाही. पण वर्षअखेर त्या वहीतल्या तारखा एकत्र वाचल्या, तर आपली नाव कोणत्या सांधीत गळते एवढे तरी कळेल. पुढच्या वर्षी कापूस कोठे भरायचा, हे मग अंदाजाने ठरवावे लागणार नाही.