बिनदिव्याची सायकल आणि कायदा

एके काळी बिनदिव्याच्या वा ‘डबलसीट’ सायकलस्वारास अडवून दंड करणे हा पोलिसांचा नित्यक्रम होता. अनेक नगरपालिका सायकलीवर कर घेत आणि त्याचा बिल्ला सायकलीस लावावा लागे. १९५१ च्या पोलीस अधिनियमाचे ३३ वे कलम वाहनांवरील दिव्यांविषयी नियम करण्याचा अधिकार आजही देते. परंतु १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाच्या व्याख्येत यांत्रिक शक्तीने चालणारीच वाहने येतात. नोंदणी क्रमांक नसलेली सायकल ई-चलानच्या कॅमेऱ्यास जणू दिसतच नाही.

ही मुक्तता म्हणावी काय? सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतून रात्रपाळी संपवून निघालेला यंत्रमाग कामगार मालमोटारींच्या शेजारून पायडल मारतो, तेव्हा दंडाच्या भयातून सुटलेला तो संरक्षणातूनही सुटलेला असतो. दिवा नसणे हा दोष खराच. पण तो प्रथम त्याच्याच जिवावर बेततो. अशा सायकलस्वारास अडवलेच, तर पावती फाडण्याऐवजी तेवढ्याच पैशांत सायकलीस दिवा बसवून द्यावा आणि रस्ता रुंद करताना त्याच्यासाठी कडेची वाट राखावी. काल कायद्यास सायकलस्वार केवळ दंडापुरता आठवत होता. आज तेवढाही आठवत नाही.